कलेजी बघणारी वहिनी

मासळीबाजाराच्या शेवटच्या ओट्यावर बसणाऱ्या बाईला सगळे वहिनी म्हणतात. शेजारच्या ओट्यावर तिचा दीर मासे विकतो आणि दिवसातून पन्नास वेळा ओरडतो, "वहिनी, एवढे कापून द्या हो!" बाजारानं तेच नाव उचललं. नवरा अचानक गेला तेव्हा ह्याच दिरानं तिला हा ओटा मिळवून दिला, विळी आणून दिली, गिऱ्हाईकं तिच्याकडे वळवली. वहिनी ते कधी विसरली नाही. विसरणारी बाईच नव्हे ती!

ती कापायची मुख्यतः मागूर. मिशांचा, बिनखवल्यांचा, बुळबुळीत मासा. डोक्यामागे दोन्ही बाजूंना एकेक काटा आणि त्या काट्यात विष. पहिल्याच वर्षी तिला लागला, कोपरापर्यंत ठणका. उपाय बाजारात सगळ्यांना ठाऊक, सोसवेल तितक्या गरम पाण्यात हात बुडवायचा. पण ह्या शहाणीनं पाण्याचा अंदाज घेतला तो त्याच दुखऱ्या हातानं! ठणक्यात कढत कुठलं कळायला? कातडी सोलून निघाली. तेव्हापासून शेगडीवर पातेलं कायम, आणि पाणी बघायचं ते चांगल्या हातानं.

दुसरी सवय कलेजी बघायची. मासा चिरला की आधी कलेजी बोटावर घ्यायची, लालसर तपकिरी असली तर पुढचं काम. गेल्या वर्षी ती पिवळट, गाठाळलेली निघायला लागली. मिशाही झिजून आखूड. वहिनीनं आठ दिवस नीट पाहिलं. असले मासे सगळे दिराच्या टोपलीतले, आणि तो ते आणायचा कारखान्यामागच्या तळ्यातून.

"भाऊजी, ते तळं सोडा."

"माशाला काय धाड भरलीय? उड्या मारतोय बघा!"

"मारतोय, पण आतून नासलाय."

"वहिनी, आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेऊ नका."

दोन दिवस तिला घास गोड लागला नाही. ज्यानं उभं केलं त्याच्याच पोटावर पाय द्यायचा? आणि गप्प बसावं, तर गिऱ्हाइकाच्या ताटात आपण काय वाढतोय? तिसऱ्या दिवशी तिनं चार अख्खे मासे आणि सात कलेज्या बर्फाच्या डब्यात भरून प्रयोगशाळेत नेल्या.

"कुणी पाठवलं तुम्हाला?" तिथल्या बाईंनी विचारलं.

"माझ्या विळीनं."

कलेजीत शिसं आणि पारा निघाला, मांसातही. तळ्यातली मासेमारी बंद झाली. दिरानं बोलणं टाकलं. ओट्याला ओटा लागून, पण दीड महिना तोंड फिरवलेलं, हाक नाही की काही नाही. काट्यापेक्षा हे तिला जास्त लागलं.

मग एका सकाळी लांबच्या नदीतले मागूर टोपलीतून काढताना तो किंचाळला. अंगठ्यात काटा! वहिनी पातेलं घेऊन धावली. आपला हात घातला, थोडं गार ओतलं, पुन्हा घालून पाहिला, आणि त्याचं मनगट धरून पाण्यात दाबलं. तो दातओठ खात बसला. बऱ्याच वेळानं ठणका उतरायला लागला, तसा मान खाली घालून म्हणाला,

"लेक आलीय माहेरी. सातवा चाललाय. बाप मासेवाला, म्हणून येताच मागूर मागितला तिनं. तळं बंद व्हायच्या आधी आली असती तर मी माझ्या हातानं..." त्यानं बाहीनं तोंड पुसलं. "फार उपकार झाले तुमचे."

"माझे कसले? तुम्ही ओटा दिलात म्हणून दिसलं मला. नाहीतर मी कुठं माशाच्या पोटात बघणार होते?"

त्यानं दुसरा, चांगला हात पाण्यात घातला.

"गार झालंय. थोडं गरम ओता, वहिनी."

दीड महिन्यानं आलेली ती हाक ऐकून तिचे डोळे भरले, आणि पाणी आणायच्या निमित्तानं ती शेगडीकडे वळली.