नमुन्याच्या दिवशीची विहीर

शेवगाव तालुक्यातली आमची विहीर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वतः खणली होती. वरच्या अंगाला मद्यार्काचा कारखाना आला आणि दोन-तीन पावसाळ्यांत पाणी चहासारखं तांबडं झालं. जनावरंही तोंड लावीनात. अण्णांचं एकच म्हणणं, "मरायच्या आधी माझ्या हिरीचं पानी प्यायचंय."

मी नगरला नोकरी करते. यादी केल्याशिवाय भाजीलाही जात नाही. तक्रारीचीही यादी केली: अर्ज, सातबारा, फोटो, ग्रामपंचायतीचा ठराव. प्रदूषण मंडळातल्या अधिकारी बाईंनी अर्ज वाचला आणि नीट समजावलं. नद्या नासत होत्या तेव्हा कारखान्यांना जाब विचारणारं कुणी नव्हतं. म्हणून पाण्याचा कायदा झाला आणि तो राबवायला राज्याराज्यांत मंडळं आली. कारखान्याला संमती तीच देतात, नोटीसही तीच. "पण ताई, आमचा सगळा जोर बाटलीत. नमुना बोलला तर आम्ही बोलणार."

ठरल्या दिवशी बाई आल्या. बादली वर आली. पाणी नितळ.

अण्णा धुतलेलं धोतर नेसून काठावर उभे होते. "दोन दिस मोटर लावून समदी उपसली. मंग टँकर वतला. सायेब लोक येनार, त्यास्नी तसलं घान पानी दावायचं व्हय? लाज न्हाई का?"

पाहुणे येणार म्हणून अंगण सारवावं, तशी त्यांनी विहीर धुतली होती.

बाईंनी रिकामी बाटली पेटीत परत ठेवली. "बाबा, झऱ्याचं पाणी भरू द्या. मी पुन्हा येईन."

"म्हंजी मीच घालवलं?" अण्णांनी मला विचारलं.

"नाही हो, अण्णा."

"व्हय, मीच," ते म्हणाले, आणि टँकरच्याच पाण्याचा तांब्या त्यांनी बाईंपुढे धरला. बाई तो सगळा प्यायल्या.

त्यानंतर अण्णा विहिरीकडे फिरकले नाहीत. मी फोनवर रोज सांगायची, बाई येणार आहेत. ते म्हणायचे, "बरं."

बाई आल्या. पाणी तांबडं होतं, बाटलीला सील लागलं, पुढे कारखान्याला नोटीसही गेली. अण्णा नोटिशीच्या आठ दिवस आधी गेले होते.

ती यादी अजून फाईलमध्ये आहे. प्रत्येक कामापुढे बरोबरची खूण आहे. विहिरीला हात लावू नका, असं अण्णांना सांगायचं, हे मी तीत लिहिलंच नव्हतं.