उजव्या हातातलं घड्याळ

श्रीरंग दाभाडे जन्मात एकही शिखर चढले नव्हते. पण लष्करात अठ्ठावीस वर्षं नकाशे काढल्यामुळे डोंगर त्यांना घरच्यासारखे पाठ होते. निवृत्तीनंतर ते फरीदाबादला स्थिरावले. तेव्हा, चौऱ्याण्णव सालाच्या आसपास, दिल्लीत गिर्यारोहणाच्या मोहिमा नेणाऱ्या कंपन्या कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवत होत्या. पहाडगंजमधल्या अशाच एका कंपनीसाठी ते चढाईचे नकाशे काढून देत: बस कुठवर जाते, परवाना कुठल्या चौकीवर तपासतात, तळ कुठे ठोकायचा, कोणत्या धारेने चढायचं. शिखराची स्लाइड प्रोजेक्टरने घरच्या भिंतीवर पाडायची, तिथे कागद चिकटवायचा आणि धार गिरवायची, ही त्यांची रीत. आपली रेघ चुकत नाही, असं ते चारचौघांत सांगतही असत.

गढवालच्या एका शिखराचा नकाशा घेऊन धीरज आणि त्याचे पाच मित्र बसने निघाले. ही सगळी स्पर्धापरीक्षेच्या अभ्यासाला आलेली मराठी मुलं. दोन दिवसांनी दुपारी श्रीरंगांनी पडदे ओढले आणि प्रोजेक्टरमध्ये तशीच राहिलेली त्या शिखराची स्लाइड बायकोला कौतुकाने दाखवली. कौशल्याबाई मेथी निवडत होत्या. स्लाइडमध्ये शिखरापुढे एक माणूस उभा होता.

"अहो, याने घड्याळ उजव्या हातात का बांधलंय?" त्यांनी विचारलं.

बांधतात काही जण, असं म्हणत ते हसले. मग जवळ जाऊन पाहिलं, तर त्याच्या जाकिटावरची अक्षरंही उलटी होती. नकाशा गिरवतानाच स्लाइड उलटी घातली गेली होती. म्हणजे डोंगरच उलटा झाला होता. नकाशात त्यांनी डावी धार सुरक्षित म्हणून आखली होती, आणि खरं तर दुपारी बर्फाचे लोट तिकडूनच कोसळतात.

ते चपला न घालताच कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर पोचले. चौकीचा नंबर त्यांनीच नकाशात लिहिला होता, पण घाईत तो दोनदा चुकला. रस्त्यात बर्फ पडलाय असं सांगून मुलांना परत बोलवावं, आपलं नाव कशाला, असंही मनात आलं. स्वतःचीच लाज वाटली. फोन लागला. मुलं अजून चौकीवरच होती. हवालदाराने विचारलं, नक्शा गलत है, किसने कहा?

"मैंने," ते म्हणाले. "मैंने ही बनाया है."

धीरज फोनवर आला. त्याने सगळं ऐकून घेतलं. श्रीरंगांना वाटलं, सुटलो. मग तो हलक्या आवाजात म्हणाला, "काका, परवा एक टीम वर गेलीये. त्यांच्याकडेही तुमचाच नकाशा आहे. त्यांना खाली आणायला आम्ही जातो. सेफ धार कोणती?"

बूथच्या काचेत श्रीरंगांना स्वतःचं प्रतिबिंब दिसलं, त्यातलं घड्याळही भलत्याच हातात. आता डावं कुठलं, उजवं कुठलं, काहीच सुचेना. त्यांनी डोळे मिटले आणि दुसऱ्या हाताने स्वतःचं मनगट चाचपलं. घड्याळ नेहमीसारखं डाव्या हाताला होतं.

"उजवी," ते म्हणाले.

"काका, नक्की ना?"

"नक्की," ते म्हणाले, आणि रिसीव्हर ठेवल्यावरही ते मनगट सोडेनात.