बिनबांगड्यांचे हात

"ए दाई, अंदर आ. पोछा लगा दे."

नर्सने बादली मायच्या पायाशी सरकवली. हिंदी मुलखातल्या नव्या राजधानीतला मोठा दवाखाना. प्रसूतीच्या खोलीचं दार. तीन तास याच दारातून मायला आत घेतलं नव्हतं.

माझी माय सुईण. शहराबाहेर उरला भागात, रोलिंग मिलच्या मागे आमचा पारा, आमची वस्ती. तिथली नाळ आमच्याच जातीच्या बाईने कापायची, असं सगळे धरून चालत. त्या सकाळी शेजारच्या फुलबाईचं पोट चाचपून माय म्हणाली, "पोट्टं पायाकडून हाये. घरी नाई जमत." ऑटोतून तिला घेऊन आली. मी बारावीत होते. सोबत गेले.

दारात मायने सांगितलं, "दीदी, बच्चा उल्टा है. पाँव नीचे है."

"तू डॉक्टर है क्या?" नर्स हसली. मग मायच्या मोकळ्या मनगटांकडे बघितलं. "चूड़ी भी नहीं. विधवा है? दूर बैठ. हाथ मत लगाना."

माझा बाप तेव्हा मिलमध्ये पाळीवर होता. मायने बांगड्या घातल्याच नाहीत कधी. काच बाळाला लागू नये म्हणून.

आम्ही दूर बसलो. डॉक्टरांना फार उशिरा बोलावलं. पाय आधी आले. डोकं अडकलं. मुलगी होती. रडली नाही.

आणि मग ही बादली.

माय पदर खोचून वाकली. मी तिचं मनगट धरलं.

"माय, ऊठ."

"राहू दे वं. फुलबाई अजून आत हाये. तिच्यावर राग काढतीन हे."

तिचं बरोबर असेल. मला अजून नक्की सांगता येत नाही. पण मी फडकं तिच्या हातातून घेऊन बादलीत टाकलं. "मैडम, मेरी माँ दाई है. उसने बताया था. पोछा नहीं लगाएगी."

माय नर्सच्या बाजूने आत गेली, फुलबाईच्या उशाशी बसली.

"काकी, मोर लइका कहाँ हे?" फुलबाई बाळाला शोधत होती.

मायने तिच्या कपाळावर हात ठेवला.

आता मी नर्सिंगला आहे. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी सांगितलं, प्रसूतीच्या खोलीत मनगटं मोकळी हवीत. सगळ्या मुलींनी लिहून घेतलं. माझा पेन हलला नाही.

शिकून मी त्याच दारात काम मागणार. एखादी दाई बाईला घेऊन आली, की आधी तिला विचारीन, हाताला काय लागलं? ती सांगेल ते केसपेपरच्या पहिल्या ओळीत लिहीन. आणि बादली तिच्या पायाशी सरकू देणार नाही. कुणालाच.