डावा गाल डॉक्टरांचा, उजवा काकीचा

काकीने क्रीमची डबी उघडली तेव्हा आत एक केस होता. लांब, पांढरा, क्रीममध्ये अर्धा रुतलेला. तिने तो चिमटीत धरून ओढून काढला, बोटं साडीला पुसली आणि त्याच बोटांनी माझ्या गालाला क्रीम चोळलं. मी डोळे मिटून घेतले. नको म्हणाले नाही.

काकी गव्हाणला आमच्या जुन्या घरी राहते, आम्ही करंजाड्याला फ्लॅटमध्ये. मेडिकलमधून दोन ट्यूब आणायच्या, कोरफडीच्या गरात कालवायच्या आणि घरातल्या मुलींना वाटायच्या, हे तिचं जुनं काम. ट्यूबांची नावं ती कुणाला सांगत नाही.

त्याच आठवड्यात मी मुरुमांसाठी पनवेलला त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे जाऊन आले होते. त्यांनी रात्री लावायचं एक जेल दिलं होतं. "सुरुवातीला वाढल्यासारखं वाटेल, सोडू नकोस. आणि दुसरं काहीही लावू नकोस."

मला दोघींनाही नाही म्हणता येईना. मग मी चेहरा नाकावरून वाटून टाकला. डावा गाल डॉक्टरांचा, उजवा काकीचा. दर रविवारी बाथरूमच्या पांढऱ्या दिव्याखाली दोन्ही बाजूंचे फोटो काढायचे. स्वतःला सांगायचे, ही तुलना आहे, शाळेतल्या प्रॅक्टिकलसारखी. तसं काही नव्हतं. मी फक्त घाबरट होते.

ते फोटो आजही बघवत नाहीत. डाव्या गालावर पिवळ्या टोकांचे फोड, मधे सोललेली कातडी. सकाळी उशीच्या अभ्र्यावर पू आणि रक्ताचे ठिपके असायचे. अभ्रा आईच्या हाती लागू नये म्हणून मी तो स्वतः धुवायचे. उजवा गाल मात्र चार दिवसांत साफ झाला. गुळगुळीत, गोरा, तेल लावल्यासारखा चकचकीत. तो माझा वाटायचा नाही.

काकीने एकदा विचारलं, "एकच बाजू कशी गं बरी?" आणि मी सगळं सांगून बसले.

जानेवारीत चुलत भावाची हळद होती. मांडवात डीजे चालू होता. काकीने माझी हनुवटी धरली आणि माझं तोंड बायकांकडे वळवलं.

"हा बगा माजा गाल. आनि हा डाक्टरचा."

"डाक्टरला सांग, काकीकडं शिकाय ये," कुणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या. हळदीने बरबटलेले, घामेजलेले हात माझ्या तोंडावरून फिरले. एकीने डाव्या गालावरचा फोड अंगठ्याने दाबून पाहिला, फळ पिकलंय का ते बघतात तसा. तो फुटला. तिने अंगठा स्वतःच्या पदराला पुसला आणि विचारलं, "उजवा खरंच काकीच्या क्रीमनं साफ झाला गं?"

"हो," मी म्हणाले. "काकीचंच चांगलं आहे."

हनुवटी सुटावी म्हणून म्हणाले. त्या दिवसापासून भावकीतल्या सगळ्या मुलींना डब्या जाऊ लागल्या.

मार्चमध्ये डावा गाल निवळू लागला. उजवा लाल झाला. पाणी लागलं तरी जळायचा. कातडी इतकी पातळ झाली की खालच्या शिरा दिसायच्या, आणि वर खसखशीसारखी बारीक पुरळ. एक दिवस क्रीम चुकलं की दुप्पट उठायची. डॉक्टरांनी भिंग लावून पाहिलं. "या बाजूला काय लावत होतीस?" मी सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, त्यात स्टेरॉइड असणार, आता हे निवळायला बरेच महिने जातील.

घरी मी बोलले नाही. बाहेर पडताना तोंडाला स्कार्फ गुंडाळायला लागले, बस.

मग मे महिन्यात एका रविवारी आईने लग्नाचे फोटो द्यायला मला गव्हाणला पाठवलं. स्कूटर लावली तेव्हा काकी ओट्यावर बसली होती, समोर तिची धाकटी मुलगी. बारा वर्षांची. कपाळावर जेमतेम चार पुटकुळ्या, आणि त्यांवर पांढरं क्रीम.

"ताई, मी पण लावते आता. तुझ्यासारखं होणार माझं."

"ईचार तुज्या ताईला," काकी म्हणाली. "तीच सांगल."

दोघी माझ्याकडे बघत होत्या. मान हलवून फोटो देऊन निघता आलं असतं. चार महिने मी तेच करत आले होते.

मी स्कार्फ सोडला.

काकीने बोटांवरचं क्रीम साडीला पुसलं. मग म्हणाली, "उन्हातनं आलीस, म्हनून."

"नाही काकी. तुझ्या क्रीमने झालंय. डॉक्टरांनी सांगितलं."

"मग हळदीला चार मान्सांत कोन बोलली? मी बोलली?"

"मी बोलले. चुकले."

"आता मी सगल्यांना काय सांगू?"

धाकटी उठून अगदी जवळ आली. मी मान वळवली नाही. तिने एक बोट उजव्या गालावर टेकवलं. आग झाली.

"ई," ती म्हणाली, आणि फ्रॉकच्या बाहीने कपाळ खसाखसा पुसून काढलं.