तळातला कांदा

सटाण्याच्या तेजस्विनीचं बालपण बापाच्या कांद्याच्या ट्रॉलीवर बसून लिलाव बघण्यात गेलं. नाशिकला एका कंपनीनं पदवीधरांना मुलाखतीसाठी तयार करणारा मोफत वर्ग काढला. तिथे तिची आभाशी गट्टी जमली. शेवटी नोकरीसाठी कंपनीच्या साहेबांनी दोघींना एकदमच आत बोलावलं.

"तुमचा दोष सांगा."

"मी फार कष्ट करते," आभानं घोकलेलं उत्तर दिलं.

तेजस्विनी हसली. "सर, वर्गात सगळ्यांना हाच निवडक कांदा वर रचायला शिकवलाय. पण व्यापारी तळात हात घालून बघतो."

"मग तुमच्या तळात काय आहे?"

"लय बोलते. अन् भाव नाय पटला तर ट्रॉली माघारी नेते."

आभानं तिला कोपरानं ढोसलं. साहेब मात्र तेजस्विनीकडे बघून खदखदून हसले.

"सोमवारपासून येता?"

"आधी भाव बोला, सर."