माटवीतली सात लिंबं

मला जिने मदत केली ती मस्कतच्या बंदरासमोरच्या जुन्या बाजारात, एका मोठ्या दुकानाच्या पायरीखाली चटई टाकून बसणारी म्हातारी आहे. ती लोबान, सुक्या गुलाबकळ्या आणि वाळलेली काळी लिंबं विकते. नाव मला ठाऊक आहे, पण तिला न विचारता लिहिणं बरं नाही. तिच्यामुळे माझी वस्तू आमच्या घरच्या माटवीत बांधली गेली, एवढं आधी सांगून ठेवते. बाकीचं मग.

मी मालवणजवळच्या एका गावातली. सातवी झाली आणि शाळा सुटली. नवऱ्याच्या होडीचं इंजिन बसलं, तेव्हा मी इकडे मस्कतला एका आपल्याकडच्याच कुटुंबात स्वयंपाकाला आले. दोन वर्षांनी एकदा सुट्टी मिळते. मी ती चतुर्थीची मागते.

पहिल्या सुट्टीला जाताना मी त्याच बाजारातून लोबान घेतला होता. पायरीवरच्या मोठ्या दुकानातून, काचेच्या झाकणाच्या डबीत, वर सोनेरी उंट. दुकानदार 'असली, असली' म्हणत होता आणि मी मान डोलावत होते. घरी आरतीच्या वेळी निखाऱ्यावर खडा टाकला, तर फिनेल लावून पुसलेल्या लादीसारखा वास. माझे थोरले दीर, आम्ही त्यांना भावजी म्हणतो, आरती म्हणता म्हणता शिंकायला लागले. मग चष्मा लावून त्यांनी डबीवरची इंग्रजी अक्षरं वाचली.

"सुगंधी खडे, असा लिवलेला आसा. लोबान नायच. फसवल्यांनी तुका."

"वाचूक येयत नाय तर कोणाक तरी विचारूचा," माझी थोरली जाऊ म्हणाली. तिला मी वयनी म्हणते. "इतक्या लांब गेलंस आणि आणलंस काय, तर शिंका!"

सगळे हसले. मीही हसले. पण मला वाचता येत नाही असं नाही. मराठी मी घडाघडा वाचते. हे तेव्हा बोलायला हवं होतं, ते आत्ता बोलते आहे.

त्याच वर्षी भावजींनी दुसरीही गोष्ट केली. चतुर्थीच्या आदल्या दिवशी गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगून तिला फळं, पानं, रानातलं काय काय बांधतात, ती माटवी. आमच्या घरात रीत अशी की ज्याने त्याने आपल्या हाताने पिकवलेलं नाहीतर काढलेलं काहीतरी आणायचं. नवरा सुपारीचं शिपूट, म्हणजे घड, उतरवतो, वयनी परसातलं तवसं, ती मोठी काकडी, देते, मुलं रानातून कवंडळं आणतात. इकडे येण्याआधी मी दर वर्षी माझ्या हाताने लावलेल्या माडाचा नारळ द्यायची. त्या वर्षी मी नारळ पुढे केला तर भावजी म्हणाले, "माडाक दोन वर्सा पाणी कोणी घातला? तुज्या वयनीन. मगे ह्यो नारळ तिचोच."

ते रागाने बोलले नाहीत, हिशोब बरोबर होता, पण रात्रभर मला डोळा लागला नाही. घरात माझं अंथरूण होतं, ताट होतं, नवरा होता, आणि माटवीत मात्र माझं काही नव्हतं. तेव्हाच मनाशी धरलं, पुढच्या खेपेला मी जिथे राबते तिथलंच काहीतरी आणीन, आणि ते बांधीनच.

म्हणून या वेळी सुट्टीच्या अडीच महिने आधीच मी बाजारात गेले. मी जिथे स्वयंपाक करते तिथल्या बाईसाहेबांनी मॉलमधली अत्तरं नि चॉकलेटं आधीच पिशवीत भरून दिली होती. चांगल्या आहेत त्या. पण ती अत्तरं काही माझ्या हातची नव्हेत. बाजारात मला नेहमी धास्ती वाटते. पर्स ओच्यात धरते, कुणी हाक मारली की पाय उचलते. पुन्हा त्याच पायरीसमोर उभी राहिले. काचेतले ते उंट तसेच चमकत होते. पायरी चढणार, तर खालून आवाज आला.

"ऊपर मत जा. वो टूरिस्ट का है."

म्हातारी माझ्याकडे बघतही नव्हती. गुलाबकळ्या निवडत होती. तिच्या मोडक्या हिंदीत आणि माझ्या त्याहून मोडक्या हिंदीत मी तिला सांगितलं, की मला इथलं खरं काहीतरी पाहिजे, आणि ते माझ्या हाताचं पाहिजे.

ती तोंडावर ओढणी धरून इतकी हसली, की शेजारचा सुऱ्या विकणारा बघायला लागला. "बाजारात येऊन आपल्या हाताचं शोधतेस? अगं, बाजारात सगळं दुसऱ्याच्या हाताचं!" मग तिने पुढ्यातलं एक काळं लिंबू माझ्या कानाशी हलवलं. आत बी खुळखुळलं. "हे माझ्या हाताचं. शुक्रवारी घरी ये. झाड आहे."

अनोळखी बाईच्या घरी जायचं म्हणून पर्स ओच्यात दोनदा खोचली. गेले मात्र. बाजाराच्या मागे चढणीवर दोन खोल्या, पुढे अंगणात एकच लिंबाचं झाड, त्याला धुण्याचं पाणी सोडलेलं. मी लिंबं काढली, काट्यांनी मनगटं ओरबाडली. त्यांची पद्धत अशी की लिंबं आख्खी मिठाच्या पाण्यात उकळायची नि गच्चीवर वाळत टाकायची. म्हातारी ताटभर लिंबं उकळायला लागली आणि मी मात्र शहाणपण केलं. आमच्याकडे रातांबे फोडून, मीठ लावून सोलां सुकवतात, म्हणजे आमसुलं. हे काम मी फ्रॉकात असल्यापासून करते. मला वाटलं, आख्खं फळ वाळेलच कसं? आत कुजणार. म्हणून ती नमाजाला आत गेली तेव्हा मी माझ्या वाट्याची सगळी लिंबं कापली, मीठ चोळलं आणि पसरली.

पुढच्या शुक्रवारी गच्चीवर गेले, तर तिची लिंबं तपकिरी, टणक, ऐटीत बसलेली. माझी पत्र्याला चिकटून चपलेच्या तळव्यासारखी झालेली. चाखली तर कडू जहर.

मी रडायलाच लागले. वाटलं, आता चिडेल, हाकलून देईल. तिने त्यातलं एक चामडं झालेलं लिंबू उचलून उन्हात धरलं. "तुझ्या गावात फळ उघडं करून सुकवतात?"

"हां."

"इथे मिटवून. इथलं ऊन उघड्यावर सगळं खाऊन टाकतं."

झाडावर तेव्हा थोडीच लिंबं उरली होती, अगदी वरच्या फांद्यांना. तिने ती आपल्या घरासाठी ठेवली होती, मला माहीत होतं. कारण शेजारणीने मागितली तेव्हा माझ्या देखत ती नाही म्हणाली होती. मला तिने स्टूल आणून दिलं. "काढ. सगळी काढ. आणि आता मी सांगते तसं कर, मास्तरीण होऊ नकोस."

मी केलं. पाच शुक्रवार जाऊन ती उलटीसुलटी केली. शेवटी चांगली सात निघाली. तिने एक पैसाही घेतला नाही. मी जबरदस्तीने हात धरला तर हातावर चापट मारली.

हरतालिकेच्या दिवशी भावजी ओटीवर चौकट ठेवून रानातल्या केवणीच्या सालीचे दोर वळत होते. मी रुमालातली लिंबं सोडली.

"ह्यां काय गो?" वयनी वाकून बघायला लागली. "उंटाच्यो लेंड्यो हाडलस?"

पोरं खिदळली. नवराही हसू दाबत होता, मी पाहिलं.

"लिंबा आसत. तिकडची."

"गेल्या खेपेक शिंका, आता लेंड्यो," भावजी म्हणाले. "परत फसवल्यांनी तुका."

 पण या वेळी मी हसले नाही. "माका कोणी विकूक नाय, भावजी. माज्या हातान काढलंय, माज्या हातान सुकयलंय. ह्ये बघा काटे लागलले."

"तरी माटवेक आपल्या मातयेतलां लागता."

"मगे ती सफरचंदा खंयच्या मातयेतली?" माझा आवाज जरा वरच गेला. चौकटीला त्यांनी आदल्याच दिवशी बाजारातून आणलेली चार लाल सफरचंदं बांधली होती. "का मालवणात गाडयेर पिकतत ती? रीत हाताची, असा तुमीच सांगलास. माजो नारळ तुमी हातासाठीच परत केलास. आता हात घेऊन इलंय, तर माती काढतास?"

भावजींशी असं कुणी बोलत नाही. वयनी पदर सावरत उभी राहिली. मला वाटलं, आता संपलं.

भावजींनी एक लिंबू उचललं, हलवलं, आणि कोयत्याने फोडलं. आतून काळंभोर, आणि वास असा आला की पोरं पुढे सरकली. कण जिभेवर ठेवून त्यांनी डोळे मिचकावले, तोंड वाकडं केलं. घरातली सोलां इतकी वर्षं तेच परखत आलेत. कुठल्या उन्हात वाळलं ते त्यांना चवीवरून कळतं.

"बराच उन खाल्लल्यान," ते म्हणाले. मग दोराचा एक तुकडा माझ्या अंगावर टाकला. "बांध. पण घट बांध, नायतर गणपतीच्या डोक्यार पडात."

सात होती, एक फोडलं, सहा बांधली. तरी मी सातच म्हणते. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर वयनीने ती नारळाच्या मागे ढकललेली. मी पाटावर चढून पुढे ओढली. तिने पाहिलं, मीही तिच्याकडे पाहिलं. पाच दिवस ती पुढेच होती. विसर्जनानंतर घरात पहिले बांगडे आले, त्या तिखल्यात माझ्या पानावर फोडलेल्या काळ्या लिंबाची फोड निघाली. वयनीने भाताचं भांडं माझ्याकडे सरकवलं. मी दोनदा भात घेतला.

आता मी परत इथे आहे. काल बाजारात म्हातारीला सांगितलं, बांधली गेली. ती म्हणाली, "मग? बांधायचीच होती ना?" आणि गुलाबकळ्या निवडायला लागली.

तिला सोलां म्हणजे काय ते मी सांगून सांगून थकले. विकत घेतलेली तिला देणार नाही. माझ्या दारातले रातांबे पिकतात वैशाखात, आणि माझी सुट्टी भाद्रपदात. दोन्ही एकाच वर्षी मिळणार नाहीत. पण एक ना एक वर्ष मी सुट्टी वैशाखाची मागीन. त्या वर्षी माटवीत माझं काही नसलं तरी चालेल. रातांबे माझ्या हाताने फोडीन, आमच्या उन्हात उघडे सुकवीन, आणि ती सोलां तिच्या चटईवर तिच्यासमोर सोडीन. तिने हातावर चापट मारली तरी तिला ती घ्यावी लागतील.