आप्पांनी बसवलेला जॅक

बोरगावचे आप्पा आमची मशीन बघायला आले आणि त्यांनी आधी मला शर्ट काढायला लावला. मी बेळगावातल्या एका कॉलेजच्या मैदानाचा माळी. गवत कापायची ती बसून चालवायची मशीन फार जुनी. तिची पात्यांची जड पेटी प्रत्येक वळणावर हाताच्या लिव्हरने उचलावी लागे, आणि त्यात माझा उजवा खांदा कामातून गेला होता. "मशीन कुटं पळून जात न्हाय. आदी खांदा दाव," आप्पा म्हणाले. डॉक्टरनेही तो इतक्या मायेने चाचपला नव्हता.

माझा जीव टांगणीला लागला होता. पुढच्या सोमवारी प्रिन्सिपॉल मैदानावर येणार होते. मला मशीन झेपत नसेल तर काम बाहेरच्या माणसांना द्यायचं, असं ठरत आलं होतं.

आप्पांचा धंदा उसाच्या ट्रॉलीला ती उचलणारा, तेलाच्या दाबावरचा जॅक बसवण्याचा. गवताशी त्यांचा संबंध घरच्या म्हशीपुरता. तरी त्यांनी इंजिनच्या पट्ट्यावर छोटा पंप चढवला आणि ट्रॉलीचाच जॅक जोडून दिला. मी त्याची दांडी दाबली मात्र, पेटी धाडकन अशी वर आपटली की मी सीटवरून थेट हिरवळीवर! आप्पा हसून हसून खाली बसले. "लई झालं रं! उसाची ताकद दिली तुज्या गवताला."

मी घाई केली की ते कन्नडमध्ये "तडी, तडी" म्हणत मला थांबवायचे. त्यांना स्वतःला घाई एकाच गोष्टीची. जैन माणूस, दिवस मावळायच्या आत जेवण व्हायलाच हवं. ऊन कललं की हातातला पाना खाली आणि डबा उघडा. त्यात कधी बदल नाही.

रविवारी ते लहान जॅक घेऊन पुन्हा आले. पेटी हळू उठावी म्हणून तेलाची वाट बारीक केली. आता ती एका बाजूने उठे, दुसरीकडे लोंबे. पुन्हा सोडली, पुन्हा जोडली. मी दोनदा त्यांचा डबा पुढे केला.

"आप्पा, जेवून घ्या हो. दिवस चालला."

"तडी."

दिवस मावळला. त्यानंतर पेटी उठली, सरळ आणि सावकाश, झोपलेलं मूल उचलावं तशी. दांडीवर माझी फक्त दोन बोटं होती. मला रडूच आलं. आप्पांनी न उघडलेला डबा पिशवीत टाकला.

"माझ्यापायी उपाशी राहिलात," मी ओशाळून म्हणालो.

"व्हय की. आजचं जेवान तुज्या खांद्याला," म्हणाले आणि घरी जायला निपाणीच्या गाडीसाठी चालू लागले.

सोमवारनंतरही काम माझ्याकडेच राहिलं, आजही आहे.

यंदा आप्पा गेले. निरोप आला तेव्हा मी मैदानावरच होतो. राहिलेलं गवत पुरं कापलं, प्रत्येक वळणावर पेटी उचलत. हिंडलग्याला घरी पोचेपर्यंत दिवस मावळला होता. बायकोने ताट वाढलं.

"झाकून ठेव," मी म्हणालो. "आजचं जेवान आप्पांस्नी."